खोक्यासकट

आमच्या बेटावरच्या बायामो गावात लेओदान तामायोला ओळखत नाही असा माणूस शोधूनही सापडायचा नाही. त्याचं नाव निघालं आणि सगळे गंभीर राहिले, असंही सहसा होत नाही.

तसा त्याचा पोटापाण्याचा धंदा साधा. मुलगी पंधरा वर्षांची झाली की आमच्याकडे आईबाप तिला झालरीचा झगा चढवतात, हातात भाड्याची छत्री देतात, तांग्यात बसवून चौकाचौकांतून मिरवतात आणि या सगळ्याची फिल्म काढून घेतात. घरात तेल असो नसो, फिल्म हवीच. ती फिल्म कापायची, जोडायची, तिच्यात गुलाबाच्या पाकळ्या उडवायच्या आणि शेवटी मुलीला पायऱ्या चढवून ढगांवरून चालवत न्यायचं, हे लेओदानचं काम. ढगांच्या बाबतीत त्याचा हात धरणारा अख्ख्या प्रांतात कुणी नव्हता.

पण त्याचा जीव अडकला होता दुसऱ्याच गोष्टीत. नवी वस्तू आली की जगभर लोक कॅमेऱ्यासमोर तिचं खोकं उघडतात, आत काय काय आहे ते दाखवतात, वस्तू उलटीसुलटी करून आपलं पहिलं मत देतात, आणि बाकीचे लोक कामधंदा सोडून ते बघत बसतात. लेओदानने हे कधीतरी पाहिलं आणि त्याला वाटलं, आपला जन्म यासाठीच झालाय. त्याने झाडूच्या दांड्याचं मोबाइल-स्टँड केलं, मागे पडदा लावला आणि ‘लेओदान उघडतो’ नावाचा चॅनेल सुरू केला. अडचण एकच होती. बाकीच्या जगात वस्तू खोक्यात येतात. बायामोत त्या मोज्यात येतात.

याला कारण खेचरं. समुद्रापलीकडच्या मायामीहून लोकांचं सामान आणून देणाऱ्या बायकांना आमच्याकडे खेचर म्हणतात, आणि त्यांनाही त्यात काही गैर वाटत नाही. विमानात सामान तोलून घेतात, त्यामुळे खेचर तिकडे पहिलं काम काय करते, तर प्रत्येक वस्तूचं खोकं, पुठ्ठा, थर्माकोल, माहितीचं पुस्तक, सगळं कचऱ्यात टाकते. मग मिक्सर टॉवेलात गुंडाळून येतो, फोन बुटात येतो, घड्याळ लहान मुलाच्या लंगोटात येतं. लेओदान इमानेइतबारे कॅमेऱ्यासमोर टॉवेल सोडायचा, मोजा उलटा करायचा आणि म्हणायचा, “खोकं आलं असतं तर साधारण एवढं असतं, मंडळी.” हाताने मापही दाखवायचा. बघणारे खाली लिहायचे, “काका, आजचा मोजा कुठल्या पायाचा?”

दुसऱ्या कुणी पुठ्ठे चिकटवून खोटं खोकं केलं असतं आणि वेळ मारून नेली असती. लेओदानने ते कधी केलं नाही. या एका बाबतीत त्याचं सोवळं फार कडक होतं. सील लावलेलं खोकं आयुष्यात एकदा आपल्या हाताने उघडायचं, एवढी एकच इच्छा धरून तो वर्षानुवर्षं मोजे उलटत राहिला.

अशात उन्हाळ्यात त्याच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड जळलं. वीज जाण्याने आमच्याकडे कुणाचं काही बिघडत नाही, त्याची सवय आहे. बिघडतं ते ती परत येते तेव्हा. त्या दिवशी ती अशी उसळून आली की गल्लीत आनंदाची आरोळी उठायच्या आत लेओदानच्या खोलीतून जळका वास सुटला. कार्ड गेलं तसे ढगही गेले. अर्धवट राहिलेल्या मुली कॉम्प्युटरच्या पोटात एक पाय पायरीवर ठेवून अडकल्या, आणि त्यांच्या आया रोज सकाळी लेओदानच्या दारात यायला लागल्या.

“बाबा, पुरे झालं आता,” आर्लेतिस फोनवर म्हणाली. ही त्याची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी ती मायामीजवळ हायालीयाला गेली आणि तिथे एका बेकरीत लागली. “या इकडे दोघं. कागदपत्रांचं मी बघते.”

“इथे माझं काम आहे.”

“कसलं काम? वीज नाही, मशीन नाही. मोजे उघडायचं काम?”

“बापाशी असं बोलतात का,” लेओदानची बायको माइदेलीन म्हणाली खरी, पण इतक्या हळू की ते फोनपर्यंत पोचू नये. मुलगी गेल्यापासून तिचं मन घरात नव्हतं. कपाटावरची मोठी बॅग तिने खाली काढून पुसून ठेवली होती आणि ती परत वर चढवलेली नव्हती. “मला पोरीजवळ जायचंय, लेओ,” ती नवऱ्याला तोंडावर सांगायची. “मी काही लपवत नाही.” लेओदानला जायचं नव्हतं. तिकडे जाऊन गाड्या धुवायच्या, आणि रस्त्यातून जाताना ‘काका, मोजा’ म्हणून ओरडणारं कुणी नाही, या विचाराने तो विषय बदलायचा.

शेवटी आर्लेतिसनेच तोडगा काढला. “मी एक कार्ड बघितलंय. इतकी कमी वीज खातं की स्कूटरच्या बॅटरीवरसुद्धा तुझं मशीन चालेल. मी पाठवते. पण हे शेवटचं हं, बाबा. हे चाललं तर राहा तिथेच, मी परत विषय काढणार नाही. नाही चाललं तर बॅग भरायची. कबूल?”

“कबूल,” लेओदान म्हणाला. “फक्त एवढं कर. खोक्यासकट पाठव.”

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. वीज गेली असावी असं लेओदानला वाटलं, पण ते हायालीया होतं, तिथे वीज जात नाही.

आर्लेतिस कार्ड ज्या बाईकडे देणार होती ती नेरेइदा आमच्या भागातली सगळ्यात नावाजलेली खेचर. अंगाने आडवी, पाय कायम सुजलेले, आणि डोकं असं की कुणाचं काय कुठे ठेवलंय याचा एक कागद तिने कधी बाळगला नाही. ती निघण्याआधी लेओदान तिच्या घरी तीनतीनदा जाऊन आला.

“खोकं म्हणजे नुसती हवा,” नेरेइदा म्हणाली. “मी हवा आणत नाही. हवा इथे भरपूर आहे.”

“ताई, मी आयुष्यात काही मागितलं नाही. खोकं दबलेलं नको, चेपलेलं नको, वरचं सील तुटलेलं नको. बाकी माझं काही म्हणणं नाही.”

“बाकी काही म्हणणं नाही ना?”

“काही नाही.”

“मग आणते बाबा तुझं खोकं. माझ्या मांडीवर घेऊन बसते.”

आणि तिने ते खरोखरच आणलं. काळंभोर, चकचकीत, चारही कोपरे शाबूत, वर दोन गोल पारदर्शक सील, आणि कोपऱ्यात हिरवं पान छापलेलं, म्हणजे वीज कमी खाणारं. लेओदानने ते लगेच उघडलं नाही. ते त्याने बैठकीच्या खोलीत फळीवर ठेवलं, आणि अख्खी गल्ली कसली तरी पूजा मांडल्यासारखी येऊन बघून गेली. शेजारची मिग्दालिया तर रोज यायची. तिला रक्तदाब होता, आणि खोक्याकडे बघून बरं वाटतं असं ती म्हणायची.

उघडायचा दिवस ठरला. आमच्या गल्लीच्या वाट्याला वीज येणार होती ती दुपार त्याने निवडली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि थेट प्रक्षेपण सुरू केलं. तिकडून आर्लेतिस बघत होती. इकडे खोलीत मिग्दालिया आणि निम्मी गल्ली खुर्च्यांवर, खिडकीत, दारात. माइदेलीन मागच्या दारात हाताची घडी घालून उभी होती.

“मंडळी,” लेओदान म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. त्याने खाकरून परत सुरुवात केली. “मंडळी, आज मोजा नाही.”

दारातून टाळ्या पडल्या. त्याने खोकं कॅमेऱ्याजवळ नेलं.

“ही बघा सील. दोन्ही जागच्या जागी. माणसाचा हात लागलेला नाही. आता वजन बघा. कार्ड वीज कमी खाणारं असलं तरी अंगाने भरलेलं आहे, हलक्या हाताने धरवत नाही. आता हलवून दाखवतो. ऐका. खुळखुळ नाही, खडखड नाही. याला म्हणतात पॅकिंग.” त्याने नाक लावलं. “नवीन वस्तूला एक वास असतो. याला, मला वाटतं, साधारण कॉफीसारखा आहे.”

मग त्याने सुरीने एक सील कापलं, दुसरं कापलं, झाकण वर केलं आणि कॉफीचं पाकीट बाहेर काढलं.

“कंपनीकडून एक छोटीशी भेट दिसतेय,” तो म्हणाला.

त्यानंतर रश्शाच्या वड्यांची माळ निघाली. मग तान्ह्या बाळाचे पिवळे मोजे निघाले, आणि लिहिणाऱ्यांनी खाली लिहिलं, “आला, मोजा आला.” लेओदानचे हात थांबेनात. मिरपुडीची डबी, वाचायचा चष्मा, केसांच्या पिना. मग गोळ्यांची पाकिटं निघाली आणि मिग्दालिया खुर्चीवरून उठून सरळ कॅमेऱ्यासमोर आली.

“या माझ्या रक्तदाबाच्या,” ती म्हणाली. “नेरेइदा म्हणाली होती की आणल्यात, पण कुठे ठेवल्यात ते आठवत नाही. आण इकडे.”

“मिग्दालिया, प्रक्षेपण चालू आहे.”

“माझाही रक्तदाब चालूच आहे.”

शेवटी एक जांभळी लेस लावलेली चोळी निघाली. तिच्यावर मात्र भरल्या खोलीत कुणी हक्क सांगितला नाही. ती संध्याकाळी फळीवरून आपोआप नाहीशी झाली. लेओदानने कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला. तळाला तपकिरी पट्टी लावलेली होती. नेरेइदाने वरच्या सीलला धक्का न लावता खोकं खालून उघडलं होतं आणि खालूनच भरलं होतं. कार्ड आत नव्हतं.

एरवी आमच्याकडची वीज माणसाला वाक्य पुरं करू देत नाही. त्या दुपारी ती शेवटपर्यंत राहिली. लेओदान रिकाम्या खोक्यात हात घालून बसलाय, आणि खाली आर्लेतिसने लिहिलंय, “बाबा, कार्ड कुठंय?”, हे सगळं स्वच्छ दिसलं, साठवलं गेलं आणि रात्र व्हायच्या आत बेटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोचलं. वर्षानुवर्षं मोजे उघडून मिळाले नाहीत इतके बघणारे त्याला त्या एका खोक्याने मिळवून दिले.

तो नेरेइदाकडे गेला तेव्हा ती पाय मिठाच्या पाण्यात सोडून बसली होती.

“खोकं दबलं होतं?” तिने त्याचा चेहरा बघून आधीच विचारलं. “चेपलं होतं? सील तुटलं होतं?”

“नाही, पण…”

“मग?”

“ताई, आत दुसऱ्यांचं सामान होतं.”

“मग काय रिकामं आणू? एवढी पोकळी मोकळी ठेवायची म्हणजे पाप. माझ्या बॅगेत बुटात साबण असतो, साबणाच्या डबीत सुया असतात. एवढं मोठं खोकं तू मला न चेपता आणायला लावलंस, ते मी भरणार नाही?”

“पण माझं कार्ड?”

“तू खोकं खोकं म्हणत तीनदा आलास,” नेरेइदा म्हणाली. “कार्डाचं एकदा तरी नाव काढलंस?”

ते खरं होतं.

नेरेइदाने डोळे मिटले आणि मनातल्या मनात बॅगा उघडायला लागली. “काळी बॅग. खाली पुरुषांचे बूट. बाजूला शांपू. मधे वेगितास गावच्या एलिएसेरचा भाताचा कुकर. कुकरात…” तिने डोळे उघडले. “कुकरात एक टॉवेल होता. टॉवेलात तुझं कार्ड. कुकर देताना मी ते काढून घेतलं नाही.” तिचा चेहरा पडला. बाकी काही झालं तरी, या बाईने आजवर कुणाची सुईसुद्धा चुकवली नव्हती, आणि ते तिला फार लागलं. “तुझ्या त्या खोक्यापायी माझी सगळी मांडणी बिघडली,” ती म्हणाली आणि पाण्यातले पाय हलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी लेओदान वेगितासला निघाला, तर माइदेलीनही चांगला झगा घालून तयार. कशाला येतेस असं विचारायचा धीर त्याला झाला नाही. ट्रकच्या फळीवर दोघं शेजारी बसले. कार्ड मिळालं नाही तर बॅग भरायची, हे दोघांनाही माहीत होतं, आणि आपल्या बायकोने मनातून काय मागितलं असेल याचा विचार लेओदान करत नव्हता असं नाही.

एलिएसेर सायकलींचे पंक्चर काढायचा. अगडबंब माणूस, पण बोलणं मऊ. “कुकर छानच आहे,” तो म्हणाला. “वीज आली की लावून बघू.”

“त्या कुकरात एक वस्तू होती. टॉवेलात.”

“पंखा ना? या की आत. दाखवतो.”

आतल्या खोलीत त्याची आई एदेलमीरा खाटेवर पडून होती. उशीच्या वर, खाटेच्या दांडीला तारेने बांधलेला एक तळहाताएवढा काळा पंखा जुन्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर गरगरत होता. म्हातारीच्या कपाळावरचे पांढरे केस त्या वाऱ्याने हलत होते. ती झोपलेली होती.

“मायामीच्या मावशीने पाठवलाय,” एलिएसेर कुजबुजला. “काय काय निघालंय जगात. आवाज नाही, बॅटरी खात नाही, डास जवळ येत नाही. उन्हाळाभर आई दुपारी तळमळायची, आता बघा. स्टँड मात्र काही जमला नाही. अवजड होता, कुठेच उभा राहीना. मग स्क्रू काढून पंखा सोडवून घेतला.”

“स्टँड कुठे आहे?” लेओदानने विचारलं.

स्टँड कोनाड्यात कारिदादच्या मातेच्या मूर्तीशेजारी होता. ग्राफिक्स कार्ड, पंखा नसलेलं, पत्र्याच्या बारीक पात्या उघड्या, आणि त्याच्यापुढे न पेटवलेली मेणबत्ती. “त्याला सोन्याचे दात आहेत,” एलिएसेर त्याच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या दाखवत म्हणाला. “आईने तिथे ठेवायला सांगितलं.”

लेओदानला राग आला. खोक्याच्या वेळी तो लाजला होता. आता त्याला खरा राग आला. त्याने एलिएसेरला ती वस्तू काय आहे, कुणी कुणाला पाठवली आणि कशासाठी, हे सगळं दबक्या आवाजात सांगितलं. ऐकता ऐकता त्या धिप्पाड माणसाचा चेहरा पांढरा पडला. शेवटपर्यंत ऐकून घेण्याआधीच त्याने वाकून बॅटरीची तार ओढली.

पंखा थांबला. म्हातारीने डोळे उघडले.

“गेली का रे वीज?” ती म्हणाली.

त्या घरात आदल्या दिवसापासून वीज नव्हती. पण खाटेवर पडल्या पडल्या तिला वाटत होतं की पंखा आल्यापासून ती गेलेलीच नाही. एलिएसेर तार हातात धरून तसाच वाकून राहिला. लेओदानने माइदेलीनकडे पाहिलं. ती कोनाड्यातल्या मातेकडे बघत होती.

लेओदानने एलिएसेरच्या हातातून तार घेतली आणि परत बॅटरीला लावली.

“नाही आजी,” तो म्हणाला. “ही काय, आली.”

“बरं झालं,” म्हातारी म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

कोनाड्यातलं कार्ड एलिएसेरने स्वतः पुसून दिलं. वर केळ्यांचा एक घडही दिला. नको नको म्हणत त्यांनी तो घेतला.

परतीच्या ट्रकमध्ये माइदेलीनने केळ्यांचा घड मांडीवर घेतला. मग म्हणाली, “म्हातारीशी खोटं बोललास.”

“खोटं कुठे? आली होती की.”

“हं.” तिने मांडीवरचा घड सारखा केला. “तिकडे गेल्यावर तू काय उघडणार रे, लेओ?”

“म्हणजे?”

“आर्लेतिस सांगते, तिकडे ज्याच्या त्याच्या दारात खोकी पडलेली असतात. पावसात भिजली तरी दोनदोन दिवस कुणी उचलत नाही.”

भिजणाऱ्या खोक्यांचं लेओदानला वाईट वाटलं.

घरी आल्या आल्या त्याने कार्ड बसवलं. वीज नव्हतीच. स्कूटरची बॅटरी ओढून आणली आणि तिच्यावर मशीन लावलं. कार्डाबद्दलचं आपलं पहिलं मत तो कॅमेऱ्यासमोर देणार होता, पण झाडूचा दांडा कोपऱ्यातच राहिला. कॉम्प्युटरचा पडदा उजळला. उन्हाळ्यापासून पायरीवर एक पाय ठेवून अडकलेल्या मुलीने तो पाय उचलला, दुसरी पायरी चढली, पहिल्या ढगावर पाय ठेवला. मग पडदा काळा झाला.

त्याने कार्डाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. तव्यासारखं तापलं होतं. थंड होऊ दिलं, परत चालू केलं; परत मुलगी पहिल्या ढगापर्यंत आली आणि परत अंधार. पंख्याशिवाय ते कार्ड तेवढंच चालणार होतं. घरातला उभा पंखा या बॅटरीवर लावायचा तर मुलगी दुसऱ्या ढगावर पोचायच्या आत बॅटरी संपली असती. इतकी कमी वीज खाणारी वस्तू, आणि तिला थंड ठेवायला लागणारा पंखा तेवढा घरात नव्हता. तो वेगितासला म्हातारीच्या उशाला फिरत होता आणि तो काढून आणायचं लेओदानच्या मनातही आलं नाही.

“झालं,” तो म्हणाला. “चाललं नाही. बॅग काढ.”

माइदेलीन बाहेरच्या खोलीत गेली. फळीवर काहीतरी सरकल्याचा आवाज त्याने ऐकला. बॅग आधीच खाली काढून पुसलेली आहे, मग ही वरचं काय काढतेय, असं त्याच्या मनात आलं. ती परत आली ती खोकं घेऊन. काळंभोर, चकचकीत, चारही कोपरे अजून शाबूत. तिने झाकण धरलं आणि एका हिसक्यात टर्रकन फाडलं.

“अगं, खोकं…”

“सरक,” माइदेलीन म्हणाली.

कॉम्प्युटरचा पत्रा काढलेलाच होता. ती पाट ओढून त्याच्यापुढे बसली आणि फाडलेल्या पुठ्ठ्याने कार्डाला वारा घालायला लागली. गॅस मिळेनासा झाल्यापासून ती कोळशाच्या शेगडीवर रांधत होती, त्यामुळे हात तयार होता. ना जोरात ना हळू, मनगटातून. लेओदानने बटण दाबलं. मुलगी पहिल्या ढगावर आली. दुसऱ्यावर गेली. तिसऱ्यावर तिने छत्री उघडली.

तेवढ्यात फोन वाजला. तो माइदेलीनच्या मांडीजवळ होता. तिने न थांबता डाव्या हाताने तो उचलून कानाशी धरला, आणि आर्लेतिसचा आवाज लेओदानलाही ऐकू आला.

“आई, बाबा फोन का उचलत नाही? कार्ड मिळालं का? चालतंय का ते?”

माइदेलीनची नजर कपाटाकडे गेली. तिथे बॅग होती. तिने एक शब्द बोलायचा अवकाश, आणि तो शब्द खोटाही ठरला नसता. लेओदानची तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. तो पडद्यावरच्या मुलीकडे बघत राहिला. पुठ्ठ्याचा आवाज तेवढा येत होता.

“आई? हा कसला आवाज येतोय?”

“पंख्याचा,” माइदेलीन म्हणाली. “चालतंय गं. वीज तर काहीच खात नाही.”

फोन खाली ठेवून तिने पुठ्ठा दुसऱ्या हातात घेतला.